दाराआडून आलेला हात

नोकरी संपली त्याला वर्ष होत आलं, तरी माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अजून निळसर आहेत. साबण झाला, लिंबू झालं, राखेनं घासून झालं. रक्ताच्या काचपट्ट्या रंगवायचं ते द्रव्य कातडीत असं मुरलं आहे की बायको म्हणते, हा रंग आता तुमच्यासोबतच जाणार. लग्नाच्या पंगतीत अनोळखी वाढपी आधी माझी बोटं पाहायचा आणि मग बुंदी जरा वरूनच टाकायचा. मीही कधी खुलासा केला नाही. पंगतीत बसून रक्ताच्या गोष्टी कोण सांगणार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. हे झालं कागदावरचं नाव. गावांत आणि तांड्यांवर मला 'रगतवाले भाऊ' म्हणत. सुरुवातीची वर्षं पांढरकवड्याकडच्या जंगलपट्ट्यात गेली, नंतरची सगळी आर्णीकडे. काम ऐकायला साधं आहे. ताप आलेल्या माणसाच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, काचेवर पसरायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचा जंतू शोधायचा. एकाच काचेवर दोन ठिकाणी रक्त घेतात. एक जाड थेंब, जंतू आहे की नाही ते कळायला. एक पातळ, तो कोणत्या जातीचा ते कळायला. काच जराशी सरकवली की नवा गोल तुकडा दिसतो. जाड थेंबातले असे शंभर तुकडे पाहिल्याशिवाय 'नाही' लिहायचं नाही, हा नियम. बाहेरच्या माणसाला वाटतं, जंतू सापडणं अवघड. खरं तर सापडला की काम संपतं. 'नाही' म्हणायलाच जास्त वेळ लागतो आणि जास्त धीरही.

टोचायचं डाव्या हाताच्या अनामिकेला, कारण कामात तिचा उपयोग सगळ्यांत कमी. पण आमच्या शेतकरी बायांचं एकही बोट बिनकामाचं नसतं. निंदण, वेचणी, सरपण, भांडी. त्यांच्या बोटाला सुई लवकर लागत नाही. शिंप्याचं बोट एका जागी टणक, शिकणाऱ्या पोरीचं मऊ, ट्रकवाल्याच्या बोटाला डिझेलचा वास. इतकी वर्षं हेच केल्यावर मला माणसं चेहऱ्यापेक्षा बोटांवरून आठवायला लागली. बोट हातात घेतलं की माणूस काय करतो ते सांगतो, अशी बढाई मी चारचौघांत मारत असे. त्या बढाईचं काय झालं, तेच इथं सांगायचं आहे. यातली नावं बदललेली आहेत. तांडा कोणता, ते विचारू नका.

आधी दुखण्याचं सांगतो. मलेरिया, डेंग्यू आणि चिकनगुनिया, तिन्ही डासांचीच देणगी. मलेरियाचा डास वेगळा आणि तो अंधार पडल्यावर चावतो. उरलेल्या दोघांचा डास एकच, तो दिवसाउजेडी चावतो आणि स्वच्छ पाण्यात वाढतो. आमच्याकडे त्याचं माहेर म्हणजे उन्हाळा संपल्यावर पडवीत तसाच ठेवलेला कूलर. पहिले दोन-तीन दिवस तिघांचा ताप सारखाच. डोकं दुखतं, अंग मोडतं, तोंडाला चव नसते. रक्तातल्या पेशी डेंग्यूत उतरतात तशा मलेरियातही उतरतात. त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून सांगणाऱ्याचा मला नेहमी हेवा वाटत आला आहे.

असे सांगणारे पुष्कळ. आर्णीच्या बाजारात एक कृषी केंद्रवाले होते. कपाशीचं रोगट पान दाखवायला आलेला माणूस स्वतःच तापानं फणफणलेला असला, की ते आधी त्याचंच निदान करत. त्याला खताच्या पोत्यावर बसवायचे आणि उठायला सांगायचे.

"उठताना गुडघ्यावर हात टेकवला तं चिकनगुनिया. डोळ्याच्या मागं दुखते म्हणला तं डेंगू. अन् उन्हातही घोंगडं मागतलं तं तुमचा मलेरिया," त्यांनी मला एकदा सांगितलं.

"अन् तिन्ही केलं तर?" मी विचारलं.

"मंग तुमच्याकडे धाडतो ना."

त्यांची निम्मी निदानं बरोबर निघत. उरलेली निम्मी मला निस्तरावी लागत, पण माणसं त्यांच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवत. ते तिथल्या तिथं सांगायचे, मी म्हणायचो उद्या या.

एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी स्वतःला डेंग्यू झाल्याचं स्वतःच ठरवलं आणि पपईच्या पानांचा रस सुरू केला. तीन आठवड्यांत गावातल्या पपया बोडक्या झाल्या. गुरुजींचा ताप कधीच गेला होता, पण सांधे काही सुटेनात. शेवटी त्यांचं रक्त तपासायला पाठवलं, तर निघाला चिकनगुनिया. मी त्यांना तसं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे एवढा कडू रस मी उगाच पिलो?" ते म्हणाले. आजार कमी धोक्याचा निघाला, याचा त्यांना काडीचाही आनंद झाला नाही.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट असली, तरी तिच्यात आमच्या धंद्यातली खरी अडचण आहे. ज्या साली ज्या आजाराचा बोभाटा, त्या साली प्रत्येक ताप त्याच नावानं ओळखला जातो. चिकनगुनियाच्या साली सगळी गावं वाकून चालत होती. त्या गर्दीत मलेरियावाला माणूसही अंगदुखीची सुई घेऊन घरी जाई आणि आठवड्यानं घरची माणसं त्याला उचलून आणत. हे मला ठाऊक होतं. म्हणून कोणी काहीही म्हणो, मी माझी काच पाहिल्याशिवाय बोलत नसे. काच खोटं बोलत नाही, असं मी नव्या मुलामुलींना शिकवायचो. ते तसं खरंच आहे. पण काचेवर रक्त कोणाचं आहे, हे काच सांगत नाही.

ते साल डेंग्यूचं होतं. पोळा होऊन गेला होता. आर्णीच्या दवाखान्यांत खाटा मिळत नव्हत्या आणि गावोगाव एकच शब्द, 'पेशी'. कोणाच्या किती उतरल्या, कोणाच्या किती चढल्या, पानटपरीवर हीच चर्चा. आमच्या केंद्राकडे आरोग्य सेवकाची एक जागा रिकामी होती, म्हणून रक्त गोळा करायला मलाच गाडी काढून फिरावं लागे. सकाळी घरोघर जायचं, दुपारनंतर काचा पाहायच्या.

एके दिवशी मी डोंगराच्या पायथ्याच्या एका बंजारा तांड्यावर गेलो. पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर माल वाहून नेणाऱ्या लोकांचे हे तांडे आता एका जागी स्थिरावले आहेत. कपाशी, तूर, सोयाबीन करतात. घरात गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी. माझी गोरबोली 'तार नाम कांयी' म्हणजे तुझं नाव काय, इथंच सुरू होते आणि इथंच संपते. पण तेवढ्यानंही म्हाताऱ्या बाया खूश होत.

हिरामणकाकांच्या घरी त्यांची धाकटी सून आजारी आहे, असं शेजारी कळलं. काका ओट्यावर बाजेवर बसले होते. मुलाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. मुलगा पांढरकवड्याच्या एका ट्रकवर, हैदराबादच्या फेरीवर गेलेला. काका म्हणाले, "हो भाऊ, पोरीले तीन रोज झाले ताप येऊन राह्यला. घ्या तिचं रगत."

मग आतल्या दाराकडे पाहून त्यांनी हाक दिली. नवी सून सासऱ्यासमोर तोंड दाखवत नाही, तिथं परक्या पुरुषासमोर कुठून दाखवणार. हे मला नवीन नव्हतं. पुष्कळ घरांत मी उंबऱ्यावर बसायचो आणि दाराच्या फळीआडून एक हात बाहेर यायचा. नियम असा की माणूस समोर पाहिजे. पण नियम दाखवून उंबरा ओलांडला, तर पुढच्या खेपेला त्या घराचं दारच उघडत नाही. म्हणून मी हातावर भागवत असे.

तसाच हात आला. कोपरापर्यंत बांगड्या.

"नाव?" मी विचारलं.

आतून हळू आवाज आला, "रोशनी."

"ताप आहे का आता?"

"आताच गोळी घेतली. उतरला."

मी बोट पुसलं आणि टोचलं. रक्त आलं नाही. बोट टणक होतं. दुसऱ्यांदा जरा जोरानं टोचलं तेव्हा टपोरा, गडद थेंब वर आला. मला आठवतं, मी मनात म्हणालो, लग्नाला चार महिने झाले नाहीत आणि पोरीला निंदणाला जुंपलं. थेंबाकडे पाहून काकांना म्हणालोसुद्धा, "सुनेचं रगत चांगलं आहे, काका." ते खूश झाले. पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारं तपासणीचं कार्ड असतं, त्याच्यावरही मी एक थेंब टाकला. तोवर चहा आला. कार्डावर एकच रेघ उमटली, म्हणजे मलेरिया नाही. मी चिठ्ठी लिहून दिली, दाराशेजारच्या भिंतीवर भेटीची तारीख टाकली आणि पुढच्या घरी गेलो. दुपारी काच पाहिली. शंभर तुकडे पाहिले, काही नव्हतं. वहीत 'नाही' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑटो आमच्या केंद्राच्या दारात लागला. हिरामणकाका पुढे, मागे दोन बायका. एक दुसरीला धरून. धरलेली होती रोशनी. डोळे पिवळे, ओठ पांढरे, हाक मारली तर उशिरा पाहायची. धरणारी तिची थोरली जाऊ, देवका. मधल्या दिवसांत त्यांनी तिला तालुक्याला एका खाजगी डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, मलेरिया तपासला का? काकांनी खिशातून माझी चिठ्ठी काढून दाखवली. मग उरलं काय? पेशी उतरलेल्या, सगळीकडे डेंग्यू आणि सरकारी चिठ्ठीवर मलेरिया नाही. त्यांनी डेंग्यूप्रमाणे सलाईन लावलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आमच्या डॉक्टर मॅडम नुकत्याच रुजू झालेल्या, पण हुशार. त्यांनी पोरीचे डोळे पाहिले आणि मला म्हणाल्या, "पुन्हा स्लाईड घ्या. आत्ता."

मी तिचा डावा हात हातात घेतला. हात तव्यासारखा तापला होता. अनामिका मऊ होती. मी सुई उचलली आणि थांबलो. बोटावर टोचल्याची खूण नव्हती. बारीक ठिपका तीन दिवसांत मिटू शकतो, पण मी दोनदा टोचलं होतं, दुसऱ्यांदा जोरानं. मी दुसरी बोटं पाहिली, उजवा हातही उलटा करून पाहिला. मऊ, शिकलेल्या पोरीचा हात. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा.

मी टोचलं. सुई लागताच रक्त आलं, फिकं, पाण्यासारखं. कार्डावर दुसरी रेघ कार्ड खाली ठेवायच्या आत उमटली. काच वाळेपर्यंत मला दम निघेना. पाहिली तर पहिल्याच तुकड्यात जंतू. या जंतूचं रूप खडा बसवलेल्या अंगठीसारखं असतं. अशा अंगठ्याच अंगठ्या होत्या, आणि त्या मेंदूपर्यंत जाणाऱ्या वाईट जातीच्या.

मॅडमनी लगेच मलेरियाचं इंजेक्शन दिलं आणि यवतमाळला न्यायला रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत अर्धा तास होता. काका मुलाला फोन लावायला बाहेर गेले. देवका भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. अनामिकेवर दोन काळे ठिपके होते, शेजारी शेजारी. मी पाहतो आहे हे तिनं पाहिलं आणि हात पदरात घेतला.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी हळू आवाजात म्हणालो, "काहून केलं असं, बाई?"

ती म्हणाली, "तिच्या पोटात लेकरू आहे, भाऊ. चौथा लागला. घरात अजून कोणाले सांगतलं नाही, मलेच सांगतलं तिनं. तिच्यात रगत आहे कुठं? तुम्ही रगत घ्याले आले म्हणल्यावर थरथर कापाले लागली. म्हणे, बाई, लेकराचं रगत जाईन. मी म्हणलं, माहं घेऊ दे. एकाच घरच्या आम्ही, एकाच चुलीवरचं खातो. रगत काय येगळं असन?"

साऱ्या नोकरीत सुई पाहून तुरीत लपणारे पाहिले, बाजेखाली घुसणारे पाहिले, आमदाराची ओळख सांगून बोट वाचवणारे पाहिले. दुसऱ्यासाठी स्वतःचं बोट पुढे करणारी ही एकच. आणि तिच्या त्या मायेनंच तीन दिवस गेले होते.

"आता काय होईन, भाऊ?" तिनं विचारलं.

"पोरगी वाचंन," मी म्हणालो. लेकराचं मी काही बोललो नाही, आणि मी बोललो नाही हे तिला बरोबर कळलं.

मी मॅडमना पोटातल्या बाळाचं तेवढं सांगितलं. त्यांनी कागदावर लिहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पहिली स्लाईड तुम्हीच पाहिली होती ना?"

काका तेवढ्यात आत आले होते. देवका दारातच होती. खरं सांगितलं असतं, तर त्या घरात पुढं काय झालं असतं ते मला दिसत होतं. पोरीचं काही बरंवाईट झालं तर जावेनं केलं, लेकरू गेलं तरी जावेनं केलं. आयुष्यभर तिच्या तोंडावर तेच मारलं गेलं असतं.

"हो मॅडम," मी म्हणालो. "नजरचुकीनं सुटलं असंन."

हे वाक्य बोलताना माझ्या जिवाचं काय झालं, ते माझ्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. माझ्या हातून काच सुटत नाही, हीच माझी सगळी मिळकत होती. नंतर तांड्यावर बोलणं झालंच, रगतवाल्या भाऊचे डोळे गेले म्हणून. आर्णीच्या कृषी केंद्रवाल्यांनीही माझी विचारपूस केली आणि मोतीबिंदू तपासून घ्या म्हणाले.

रोशनी वाचली. लेकरू गेलं. यवतमाळच्या दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी.

याच्यावर मला फार लिहिता येत नाही. तीन दिवस आधी इंजेक्शन मिळालं असतं, तर ते लेकरू राहिलं असतं का, हे कोणीच छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मीही सांगत नाही. पण मला आतून वाटतं की राहिलं असतं. देवकानं हात दिला ही तिची माया झाली. तो हात कोणाचा हे न पाहणं, हे माझं काम सोडणं होतं. हाताला ताप नव्हता, बोट टणक होतं, थेंब गडद होता. तिन्ही गोष्टी माझ्या हातात येऊन सांगत होत्या आणि मी प्रत्येकीला आपल्या मनानं कारण शोधून दिलं. बोटांवरून माणूस ओळखणारा मी, बोट खरं बोलत असताना बहिरा झालो. 'काका, पोरीचं तोंड नका दाखवू, पण कपाळाला हात लावू द्या', एवढं एक वाक्य म्हणायचं होतं.

यात एक गंमतही झाली, कडू असली तरी. आमच्या तपासलेल्या काचांतल्या काही काचा फेरतपासणीला वर जातात. नेमकी रोशनीच्या नावाची ती पहिली काच त्यांत गेली. महिन्याभरानं उत्तर आलं, वाचन बरोबर आहे, जंतू नाही. कागद मॅडमच्या टेबलावरून माझ्याकडे आला. मॅडम हुशार होत्या, हे मी आधी सांगितलं आहे. त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचे डोळे ठीक आहेत."

"हो मॅडम."

"मग यापुढे चेहरा पाहून स्लाईड घेत जा."

एवढंच. पुढं त्यांनी कधी विषय काढला नाही. त्या दिवसापासून मी दाराआडचा हात घेतला नाही. सोबत आशाताईंना, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तीला, न्यायचो. त्या आत जायच्या, कपाळाला हात लावायच्या, नाव विचारायच्या आणि मगच मी टोचायचो. याला वेळ दुप्पट लागे. दोन घरांनी दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. पण बाकीच्यांनी उघडलं. बाईमाणूस सोबत असली की दार उघडतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, याची लाज मात्र वाटली.

त्या तांड्यावर जाणं मी टाळलं. आरोग्य सेवकाची रिकामी जागा भरली गेली होती, त्यामुळे निमित्तही होतं. देवका कधी बाजारात दिसली तर पदर पुढं ओढून बाजूला व्हायची. तिला वाटत असणार की मी अजून रागावलेलो आहे. मला वाटायचं, ती मला पाहून त्या दिवसात परत जाते.

निवृत्तीला महिना उरला असताना त्या भागात पुन्हा तापाची साथ आली. आता कोणी पेशी म्हणे, कोणी गुनिया म्हणे. माणसं कमी पडली म्हणून मी गाडी काढली आणि आशाताईंना मागे बसवून तांड्यावर गेलो. हिरामणकाकांच्या भिंतीला नवा रंग लागला होता. काका बाजेवरच होते, जरा वाकलेले. ओट्याच्या कडेला रोशनी बसली होती, मांडीवर वर्षाची मुलगी. डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. मुलगी माझ्या निळ्या बोटांकडे टक लावून पाहत होती.

"तुम्ही लय रोज आले नाही, भाऊ," काका म्हणाले. "डोळे बरे झाले का?"

"झाले, काका."

"थोरल्या सुनेले ताप आहे. घ्या तिचं."

आशाताई आत जायला उठल्या. पण त्याआधीच देवका स्वतः बाहेर आली. अंगावर चादर, चेहरा तापानं लाल. ती दाराआड थांबली नाही. सासऱ्यासमोरून चालत ओट्यावर आली, उन्हात माझ्यासमोर बसली आणि तिनं डोक्यावरचा पदर कपाळाच्याही मागे सारला. मग डावा हात माझ्यापुढं ठेवला.

"पाहून घ्या, भाऊ," ती म्हणाली. "माहाच हात आहे."

काका म्हणाले, "मंग कोणाचा राहीन? काय बोलून राह्यली ही?"

"तापात बोलून राह्यली, बा," रोशनी म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हळूच हसली. मी कापूस शोधायला लागलो, तो हातातच होता. काकांना फोन आला आणि ते बोलत बोलत पडवीच्या टोकाला गेले, तेव्हा रोशनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बाईनं मले सारं सांगतलं होतं, भाऊ. यवतमाळच्या दवाखान्यात मी उठून बसली, त्याच रोजी. मी दोन रोज तिच्यासंग बोलली नाही. मंग मलेच वाटलं, मी कापत होती म्हणून तिनं हात देला. मी कापली नसती तं?"

देवका खाली पाहत होती. "तुम्ही आपल्यावर घेतलं," ती म्हणाली. "हेही सांगतलं मी तिले."

मी सांगितलं की चूक माझीच होती, मी चेहरा पाहायला हवा होता. हे मी एवढ्या वर्षांत कोणालाच मोठ्यानं बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला माझ्याकडे दारही नव्हतं. दोघींपैकी कोणी 'जाऊ द्या' म्हटलं नाही. रोशनीनं पोरीला उतरवलं आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं.

मग मी देवकाच्या कपाळाला हात लावला. ताप होता. तिचा चेहरा नीट पाहिला, नाव विचारलं, तिनं सांगितलं, मी लिहिलं. बोट पुसलं आणि टोचलं. रक्त आलं नाही. बोट तसंच टणक होतं, दुसऱ्यांदा टोचावं लागलं.